जाळरेषेवरची हजेरी

४ जानेवारी

वह्या दोन आहेत. एक संघाने दिली, निळ्या पुठ्ठ्याची, वर छापलंय 'मार्गदर्शक सभासद नोंदवही'. ती सुनील वाचणार, म्हणून तिच्यात शोभेल तेवढंच लिहायचं. ही दुसरी खताच्या दुकानाची. सुनेनं, मोनिकानं, किराणा लिहायला दिलेली. ही कोणी वाचायची नाही. माझं शिक्षण चौथी आणि अक्षर कोंबडी चालल्यासारखं, तेव्हा कोणी वाचायला घेतलंच तर त्याचे डोळे जातील.

आज नगरला वनसेवक संघाची सभा होती. जंगल खात्यात रोजंदारीपासून वनपालापर्यंत राबणाऱ्यांचा हा संघ. कागदावर दोनशे बारा सभासद. आले अकरा. त्यातले दोघे चहापुरते. सुनील आता सरचिटणीस आहे. गार्ड म्हणून नवा लागला तेव्हा त्याला खैराचं रोप आणि बाभळीचं रोप यातला फरक मी दाखवला होता, आता तो मला सभासदाची कर्तव्यं सांगतो. त्याची नवी योजना अशी की एकेका जुन्यानं एकेका नव्याला हाताशी धरायचं, वर्षभर शिकवायचं. म्हणजे नवे टिकतील आणि जुने घरात बसून कुजणार नाहीत. कुजणार नाहीत हे त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं.

माझ्या वाट्याला दया साळवे आली. नेवाशाकडची ख्रिश्चन पोरगी, बाप एलिया मास्तर, वय चोवीस, वनरक्षक म्हणून लागून चार महिने झालेत. मी विचारलं, राखायला बीट कोणता मिळाला. सुनील म्हणाला, बोरमाळ.

कप बशीवर वाजला. चहा फार गरम होता.

७ जानेवारी

पोरगी घरी आली. खाकी कपडे नवेकोरे, बूट असे चकाकत होते की जंगलात ससेच पळून जातील. मला आजी म्हणाली. मी म्हटलं, बस.

तिचं दुखणं मजुरांचं. आठ माणसं हाताखाली, सगळी हिच्यापेक्षा वयानं मोठी, एक ऐकत नाही. दहाला येतात, तीनला जातात. अजिनाथ म्हणून एकजण तर तिच्यासमोर तिची नक्कल करतो. आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या आत जाळरेषा उरकायची आहे. डोंगराच्या अंगानं लांबच लांब पट्टा धरायचा, दोन्ही कडांचं गवत कापायचं आणि मधलं गवत आपणच जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्याशी अडतो. काम सोपं दिसतं.

मी तिला पहिला धडा दिला. म्हटलं, मजूर धाकानं ऐकत नाहीत, त्यांना सांभाळून घ्यावं लागतं. त्यांची म्हैस कोणती, कितव्या वेताची, हे विचार. जाता-येता कोणी गवताचा भारा कापून नेला तर तिकडं पाठ कर. गवत सरकारी आहे, नेलं तर त्या दिवसाची हजेरी कापायची असा नियम आहे, पण नियम करणाऱ्याच्या घरी म्हैस नसते. साहेबाला सगळंच सांगायचं नसतं.

तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. लिहिताना जीभ दातात धरते, शाळेतल्या पोरीसारखी.

संघाच्या वहीतही मी तेच लिहिलं, जरा नीट करून. भाऱ्याचं नाव न घेता. 'मजुरांच्या अडचणी समजून घ्याव्यात.'

११ जानेवारी

सुनीलचा फोन. निळी वही मोनिकानं फोटो काढून त्याला पाठवली होती, वाचून फार खूश झाला. म्हणाला, बनुमावशी, तुमी तर पुस्तक लिवाया पायजे हुतं.

मग हळूच म्हणाला, बोरमाळचा माहीतगार म्हणजे तुम्ही आणि रंगनाथभाऊ. त्यांनाही संघात परत आणू. तुम्ही जाऊन बोलवा, तुमचं ते ऐकतील.

मी म्हटलं माझे गुडघे दुखतात. तो म्हणाला, रंगनाथभाऊंचं घर तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं तुझ्या गाडीला लागतात. तो म्हणाला, मावशी, गाडी मी पाठवतो. मी फोन ठेवून दिला. दूध उतू जात होतं असं नंतर सांगितलं.

१८ जानेवारी

दया आली, तोंडभर हसत. मजूर आता आठला हजर असतात. अजिनाथनं नक्कल बंद केली, उलट घरून तिच्यासाठी हुरडा आणला. तिनं त्याच्या म्हशीची चौकशी केली होती म्हणे.

"आजी, तुमचा धडा जादूसारखा लागू पडला. मी फक्त पाठ करते. रोज तीन-चार भारे जातात, मला दिसतच नाहीत."

मी विचारलं, गवत कापतात कुठलं? ती म्हणाली, मधल्या पट्ट्यातलं. सगळ्यात उंच तेच आहे, कंबरेएवढं. ते म्हणतात, जळूनच जाणार आहे तर म्हशीनं खाल्लं तर काय बिघडलं.

हे मला ठाऊक होतं. सगळेच मजूर असंच म्हणतात. मीही म्हणायचे. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि हातातली भाकरी थापता थापता फाटली. ती म्हणाली, आजी, बरं नाही का. मी म्हटलं, पीठ जुनं आहे.

१९ जानेवारी

जेवण गेलं नाही. मोनिका म्हणते पित्त आहे. असेल.

२२ जानेवारी

लिहूनच टाकते. पोटात ठेवून पित्त वाढतं.

नव्व्याण्णव साल, फेब्रुवारी, बोरमाळ. मी चाळिशीतली, तेव्हा रोजंदारीवर. बारा माणसांत लिहिता-वाचता येणारी मी एकटी, म्हणून मजुरांचं मस्टर माझ्याकडे. सकाळी नावं घ्यायची, फुल्या मारायच्या. रंगनाथ आमच्यातला सगळ्यात कामसू. विडीसुद्धा ओढत नव्हता. त्याची म्हैस नुकती व्यालेली.

त्या दिवशी जाळरेषेला काडी लावायची होती. जायच्या आधी रंगनाथ मला म्हणाला, बनु, मी टेकाच्या पलीकडून एक भारा घेऊन येतो, तेवढं बघ. मी म्हटलं, जा, लवकर ये.

वनपाल साहेब लवकर आले. तेव्हाचे साहेब म्हणजे रागाचा भडका. त्यांनी मला विचारलं, सगळे आहेत का. रंगनाथ पट्ट्यातच कुठंतरी वाकून कापत होता, हे मला माहीत होतं. खरं सांगितलं तर त्याची हजेरी जाणार, वर माझ्याकडून मस्टर जाणार. आणि मला वाटलं, पट्टा लांब आहे, आग टेकाच्या उंचवट्यापाशी पोचायच्या आत तो निघेल. मी म्हटलं, सगळी हायेत.

काडी लावली. घटकाभरानं वारा फिरला. आग पट्ट्यातून धावत वर गेली, गाडी जावी तशी. आम्हाला टेकाच्या पलीकडून ओरडणं ऐकू आलं. ते लिहीत नाही.

रंगनाथ वाचला. दोन्ही पाय मांडीपर्यंत जळले. सहा महिने दवाखाना. आणि चौकशीत असं आलं की तो दारू पिऊन गवतात झोपला होता. वरच्यांना तसंच पाहिजे होतं. माझ्यापुढं कागद ठेवला, साक्षीदार म्हणून सही केली. चौथी शिकल्याचा तेवढाच उपयोग झाला. त्याचं काम गेलं, संघातूनही नाव काढलं.

तेव्हापासून मी त्याच्या दारावरून जात नाही. दुकानाला जायला मागची वाट धरते. लोक म्हणतात बनुबाईला चालायची हौस आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला संघाच्या ऑफिसात चाळीस माणसं. सुनीलनं नव्या गार्डांना जेवणाचं आमिष दाखवलं होतं. भाषणात त्यानं मोबाईलवर माझी वही काढली आणि धडा वाचून दाखवला. वर दयाला उभं केलं, म्हणाला, बघा, अनुभवी सभासद मागे उभा राहिला की काय फरक पडतो.

मग दयानं भाऱ्याचंही सांगितलं. हळू आवाजात, सगळे आपलेच आहेत म्हणून. पाठ कशी करायची ते. हसले सगळे. टाळ्या वाजवल्या. मला शाल आणि नारळ दिला.

मी व्यासपीठावर बसून मोजत होते. चौदा नवे गार्ड. चौदाही जण वहीत लिहून घेत होते. कोणी कर्जतकडचा, कोणी श्रीगोंद्याकडचा, कोणी पारनेरचा. चौदा जाळरेषा, आणि सगळ्या पुढच्या वीस दिवसांत पेटणार. एवढ्या डोंगरांवर मी कधी पाय ठेवला नाही, पण आज माझा धडा तिथं जाऊन बसला.

अंगावर शाल होती तरी दातावर दात वाजत होते. एक पोरगा म्हणाला, आजी, थंडी लई हाय नव्हं. मी म्हटलं, व्हय.

तिथंच उठून सांगता आलं असतं. उठले नाही.

२९ जानेवारी

दयाला बोलावून घेतलं. सरळ म्हटलं, भारे बंद कर.

ती बघतच राहिली. म्हणाली, आजी, आता बंद केले तर आठच्या आठ जण घरी बसतील, आणि पट्टा अजून अर्धा राहिलाय. तुम्हीच सांगितलं ना.

मी म्हटलं, मी सांगितलं ते विसर. म्हातारी माणसं काहीही बोलतात.

"असं कसं विसरू? काय झालं ते तरी सांगा."

काही झालं नाही, म्हटलं. मी सांगते म्हणून बंद कर.

तिचे ओठ घट्ट झाले. म्हणाली, माझे वडील शाळेत पोरांना असंच सांगतात, कारण विचारू नका. मला वाटलं होतं तुम्ही वेगळ्या आहात. दुचाकीला किक मारली तर ती सुरू होईना. चार वेळा मारली. मी दारात उभी होते. पाचव्यांदा सुरू झाली आणि ती गेली. फार आगाऊ पोरगी आहे. आजकालच्या सगळ्याच.

मागच्या खेपेला तिनं आणलेला केक आहे अजून डब्यात. मोनिकाला सांगितलंय, शिवायचा नाही.

३ फेब्रुवारी

बोरमाळची तारीख ठरली. परवा, पाच तारखेला, सकाळी. सुनीलकडून कळलं. दयानं मला सांगितलं नाही.

आज दिवसभर लिंबाच्या पानांकडे बघत बसले. नऊपर्यंत पान हलत नाही. साडेनऊला सळसळतं. अकराला वारा फिरतो. सत्तावीस वर्षांत वाऱ्याची सवय बदललेली नाही.

दयाला तीनदा फोन लावला. दोनदा ती डोंगरात, फोन लागत नाही. तिसऱ्यांदा उचलला, आजी बोला, म्हणाली. मी विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली. मी ठेवला.

५ फेब्रुवारी

बोटांत गवताची कुसळं रुतलीत, अक्षर वाचता येणार नाही. बरंच आहे.

सकाळी मोनिकाला म्हटलं, मला स्कूटीवरून बोरमाळला सोड. ती म्हणाली, आत्या, गुडघे. मी म्हटलं, गुडघे घेऊनच जायचंय. सात वर्षांनी डोंगर चढले. निम्म्या वाटेवर बसावं लागलं. रिटायर झाल्यापासून ती चढण कोणीतरी वाढवली आहे.

वर रेंजर साहेब आलेले, जीप खाली. दोन्ही कडा कापून झाल्या होत्या, मधे वाळलेलं गवत, उंच, पिवळं, टेकावरून पलीकडे गेलेलं. पलीकडचं काही दिसत नाही. मजूर ओल्या फांद्या घेऊन रांगेत. दया हजेरी घेत होती. मला बघून मान हलवली.

नावं घेतली. सात जण हाय म्हणाले. अजिनाथ म्हटल्यावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग गोरक्ष म्हणून त्याचा साडू आहे, तो म्हणाला, हाय, पलीकडच्या टोकाला हाय.

रेंजर साहेबांनी विचारलं, सगळे आहेत ना मॅडम?

दयानं वहीकडे बघितलं. मग गवताकडे. मग पाठ केली. कशी करायची ते मीच शिकवलं होतं, खांद्यासकट, नजरेसकट. तिला ठाऊक होतं तो कुठं आहे.

"आहेत सर," ती म्हणाली आणि काडीपेटी घेतली.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं तर आवाजच नाही. साडेनऊ झाले होते, लिंबाचं झाड तिथं नव्हतं पण पदर हलायला लागला होता. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी चालत गेले आणि पट्ट्याच्या मधोमध गवतात बसले. काडी लावायची होती त्याच्यापुढं दहा पावलांवर.

साहेब ओरडले, मावशी उठा. मजूर हसायला लागले. गोरक्ष म्हणाला, म्हातारीला चक्कर आली. दया धावत आली, दंड धरून ओढायला लागली. तिच्या हाताला घाम होता.

तेव्हा आवाज आला.

"अजिनाथ माझ्यासमोर येऊन हुबा राहस्तवर मी उठायची न्हाई. त्यो टोकाला न्हाई, ह्याच गवतात हाय. तुला ठाव हाय आन मलाबी ठाव हाय."

तिनं माझा दंड सोडला. मग मी सांगितलं. बसल्या बसल्या, गवताच्या काड्या टोचत असताना, साहेबासमोर, मजुरांसमोर. नव्व्याण्णव साल, भारा, मस्टर, सगळी हायेत म्हटलं ते, रंगनाथचे पाय, दारूचा कागद, खालची सही. फार नाही, दहा वाक्यं असतील. इतकी वर्षं मला वाटायचं, सांगायला दिवस लागेल.

कोणी हसलं नाही. गोरक्षच फांदी टाकून टेकाकडे पळाला, हाका मारत. ओ नाही. सगळे हाका मारायला लागले. तरी ओ नाही. त्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. दया माझ्याशेजारी गवतात बसली होती आणि पुटपुटत होती, तिच्या देवाचं असेल.

बऱ्याच वेळानं गवत हललं आणि अजिनाथ बाहेर आला. डोक्यावर भारा, कानात मोबाईलच्या वायरी, गाणं ऐकत. आमच्यापासून शंभर पावलांवर कापत होता. इतकी माणसं अशी बघताहेत बघून म्हणाला, काय झालं, कोन गेलं काय?

६ फेब्रुवारी

वारा उठल्यामुळं काल काडी लावलीच नाही. साहेबांनी अजिनाथची हजेरी कापली, दयाला खुलाशाची नोटीस दिली. मजूर मला शिव्या घालत खाली उतरले. म्हातारी आपल्या पापासाठी आमच्या पोटावर आली, असं गोरक्ष म्हणाला. पळताना सगळ्यात पुढं तोच होता.

सुनील घरी आला. मी म्हटलं, चौदा जणांचं बघ आधी. त्यानं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला, म्हणाला, तुम्हीच बोला, संघाच्या ग्रुपवर टाकतो. मी बोलले. शिकवलेलं चूक आहे, काडीच्या आधी माणूस डोळ्यांनी बघा, दुसऱ्यानं दिलेली ओ धरू नका, भारा न्यायचा तर आदल्या दिवशी सगळ्यांसमोर न्या आणि साहेबाशी भांडायचं ते संघ भांडेल. शेवटचं मी मनानं घातलं. सुनीलनं डोळे मोठे केले पण ते काढून टाकलं नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा जणांचा निरोप आला, ऐकलं म्हणून. तिघांचा नाही. त्या तिघांची नावं सुनीलकडून लिहून घेतलीत. पारनेरच्याचं जाळायचं उद्याच आहे.

७ फेब्रुवारी

पारनेरच्या पोराचा फोन सकाळी सातला आला. ऐकलं म्हणाला. राहिलेल्या दोघांचं सुनील गाडी घेऊन स्वतः बघायला गेला, रात्री त्याचा फोन आला, दोघांनाही सांगून झालं.

९ फेब्रुवारी

आज पुढच्या वाटेनं गेले.

रंगनाथ अंगणात खाटेवर. पाय चादरीखाली. सत्तरी ओलांडली, हाडं राहिलीत. त्याची बायको जया मला बघून आत गेली, ती बाहेर आली नाही. मी उभीच राहिले. बस म्हणायला तो विसरला की मुद्दाम, कळलं नाही.

डोंगरावरची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. गावात पोचायला काय लागतं. तरी मी परत सांगितली, सगळी. त्याच्यासमोर दहा वाक्यांत झाली नाही. मधे मधे थांबावं लागलं.

तो ऐकत होता आणि चादरीची दशी ओढत होता. मग म्हणाला, "मला ठाव हुतं."

मी विचारलं, कुणी सांगितलं.

"कुनी कशाला सांगतंय. मी टेकाच्या अलीकडंच हुतो. साहेबानं इचारल्यालं ऐकू आलं, तू बोललीस तेबी ऐकू आलं." दशी तुटली, त्यानं दुसरी धरली. "मी ओ दिली न्हाई. उठून हुबा राहिलो असतो तरी चाललं असतं. भारा व्हता ना डोक्यावर, दिसला असता. म्हणलं, बनूनं सांभाळून घेतलं, आता गुपचूप पलीकडनं निघावं. लई बरं वाटलं हुतं मला तवा."

मी खाली बसले. जमिनीवरच.

तो म्हणाला, पायाचं मी कुणाला बोललो नाही, ते माझंही होतं. पण दारूचं तू लिहून दिलंस. माझ्या दोन्ही पोरींच्या सासरी तो कागद माझ्याआधी पोचला. ते माझं नव्हतं, बनु.

मी म्हटलं, भाऊ, ते मी मागं घेते. लिहून देते.

तो म्हणाला, दे. एवढंच. चहा झाला नाही. निघताना आतून जयाचा आवाज आला, चुलीशी बोलावं तसा. सत्तावीस वर्षं मागच्या वाटेनं जाते, आम्हाला काय दिसत नव्हतं व्हय.

११ फेब्रुवारी

लिहून दिलं. सुनीलनं सांगितलं होतं, मावशी, खोटी साक्ष दिली असं स्वतः लिहिताय, खातं पेन्शनपर्यंत जाऊ शकतं. त्या भीतीनं दोन पानं खराब केली. तिसऱ्यावर सही केली. दयानं वाचून बघितलं, चूक एकच निघाली. नोटिशीच्या खुलाशात तिनंही खरं लिहिलंय. नोकरी राहते का बघायचं. ती म्हणाली, आजी, मला झोप लागत नाही. मी म्हटलं, मग माझ्याइथं येऊन जाग. आली, आणि दुपारी चार तास ढाराढूर झोपली.

१३ फेब्रुवारी

आज बोरमाळ जाळलं.

मजूर चारच आले. अजिनाथ आला, त्याला धरून. बाकीची माणसं संघातली. सुनीलनं ग्रुपवर टाकलं होतं, हात कमी आहेत. सभेला अकरा येतात, डोंगरावर एकोणीस आले. चहाची सोयसुद्धा नव्हती.

आणि सुनीलच्या गाडीतून रंगनाथ. कोणी बोलावलं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणला, कापलेल्या मोकळ्या जागेत, पट्ट्यापासून बराच लांब ठेवला. मला म्हणाला, तू बी हितंच बस, तुझा भरवसा न्हाई, पुन्हा मधी जाऊन बसशील.

दयानं हजेरी घेतली. एकेकाला समोर उभं करून, तोंडाकडे बघून. टेकाच्या पलीकडे दोघांना पाठवलं, पट्टा चालत बघून आले. तरी ती परत मोजत होती. साहेब म्हणाले, मॅडम, नऊ वाजत आले, चला. ती म्हणाली, एक मिनिट सर. शेवटी माझं नाव घेतलं, आणि माझ्यानंतर रंगनाथ. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. तो खुर्चीतून म्हणाला, हाय.

काडी लावली.

मी आगीकडे पाठ केली. त्यानंही खुर्ची फिरवून घेतली होती. आम्ही दोघं खालच्या गावाकडे बघत बसलो. मागून आवाज यायला लागला, आधी तडतड, मग तो भरून येणारा. माणसं एकमेकांना हाका मारत होती आणि ओ देत होती. मी नावं मोजत होते. एक ओ उशिरा आली तेव्हा मोजणं पहिल्यापासून धरलं.

धूर आमच्यावरून गेला तसा रंगनाथनं माझा दंड धरला. इतक्या जोरात धरला की बोटं उमटली. कशासाठी, ते मला कळलं नाही. माफ केलं म्हणून, की राग म्हणून, की नुसता भ्याला होता म्हणून. मी सोडवून घेतला नाही.

सगळं विझल्यावर दया काळी होऊन आली, म्हणाली, आजी, एकूण पंचवीस, पंचवीसही आहेत. तरी त्यानं हात काढला नव्हता. आता घरी बसून लिहिते आहे, दंडावर चार बोटं निळी दिसताहेत.